पवनचक्कीच्या निकामी पात्यांसाठी कारखान्याची जागा: नकाशाआधीची गणिते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका मोठ्या प्रदेशातल्या सगळ्या पवनचक्क्यांची ठिकाणे, क्षमता आणि उभारणीची वर्षे तुम्ही जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, भरली आहेत. त्यांचा भारित मध्य, म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या भाराप्रमाणे ठरणारा मध्यबिंदू, काढून त्याभोवती रस्ते, वीज, वस्ती, पाणवठे असे थर चढवले, एएचपीने (निकषांची जोडीजोडीने तुलना करून वजने ठरवण्याची पद्धत) निकषांना वजने दिली आणि पात्यांच्या कारखान्यासाठी तीन जागा वर आल्या. त्यांतली एक कशी निवडायची आणि वजने योग्य आहेत का, हे तुम्हाला हवे आहे.

स्पष्टच सांगतो: तिन्ही जागा बहुधा चुकीच्या आहेत. काम नीट झालेले नाही असे नाही. पण तुम्ही एका जागेचा प्रश्न सोडवलात आणि मुळात प्रश्न तीन जागांचा आहे. पाती कापण्याची जागा, कापलेला माल साठवण्याची जागा आणि त्यावर प्रक्रिया करण्याची जागा, या तिघींना खेचणारी बळे वेगवेगळी असतात. तिघींना एकाच ठिकाणी कोंबले की भारित मध्य येतो, आणि तो कोणाच्याच सोयीचा नसतो.

पाते म्हणजे काय यावर फार वेळ घालवत नाही, पण जागेच्या निवडीवर ज्या गोष्टींचा परिणाम होतो त्या सांगायला हव्यात. काचतंतूंचे थर, त्यांना घट्ट बांधणारे इपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन, मधे बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा, बुंध्याशी पोलादी बोल्ट, आतून टोकापर्यंत गेलेली वीजवाहक तार आणि वरून रंग. लांब पात्यांच्या कण्यात कार्बन तंतूही असतात. हे रेझिन एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही. म्हणूनच बाकीच्या पवनचक्कीचे पोलाद, तांबे आणि ओतीव लोखंड भंगारवाले आनंदाने उचलतात. यंत्राच्या एकूण वजनातला 85 ते 90 टक्के भाग असा सहज मार्गी लागतो. मागे उरतात ती पाती. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, तशातला प्रकार, फक्त इथे शेपूट 45 मीटर लांब असते.

आता पहिले गणित, वाहतुकीचे. ते करताना बहुतेक जण टन-किलोमीटर मोजतात. तुमच्या नकाशातही प्रत्येक पवनक्षेत्राला दिलेला भार टनांतच असणार. कारखान्यांच्या जागांचा जुना सिद्धांत आल्फ्रेड वेबर यांनी 1909 साली मांडला. कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाकडे सरकतो, असे तो सांगतो. पात्यांच्या बाबतीत तो शब्दशः लावला तर फसायला होते. पाते चिरडल्यावर त्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, कमी होते ते आकारमान. आणि ट्रक टनांवर भरत नाही, पोकळीवर भरतो. पाते आतून पोकळ असते, बुंध्याशी गोल, मधे पसरट, टोकाला निमुळते आणि वर थोडे पिळलेले. असे तुकडे एकावर एक नीट बसतच नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या यंत्रांप्रमाणे बदलून घ्या. 80 पवनचक्क्या, म्हणजे 240 पाती, प्रत्येक पाते 45 मीटर लांब आणि 8 टनांचे. एकूण 1,920 टन. कारखाना 300 किलोमीटरवर.

अखंड पाती न्यायची तर 240 खेपा, त्याही लांब ट्रेलरवर, विशेष परवाना काढून, पुढे-मागे सोबतीची गाडी ठेवून. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पाती जागेवरच 10-12 मीटरच्या तुकड्यांत कापली तर साध्या ट्रेलरवर सरासरी दीड पाते, म्हणजे 12 टन बसते असे धरू. 160 खेपा. आणि जागेवरच भरड चिरडून 90 घनमीटरच्या बंद ट्रेलरमध्ये भरली, तर घनमीटरला पाव टन धरून 22 टनांच्या आसपास माल जातो. 88 खेपा. खेपेचा खर्च शेवटच्या दोन्ही प्रकारांत साधारण सारखाच, म्हणजे 48,000 किलोमीटरऐवजी 26,400. एवढा फरक जागेच्या निवडीतून क्वचितच पडतो. तो पडतो चिरडणे कुठे केले यातून.

हेच गणित तीन पवनचक्क्यांसाठी करून पाहा. 9 पाती, 72 टन. कापून नेली तर 6 खेपा, चिरडून नेली तर 4. दोन खेपा वाचवण्यासाठी फिरते श्रेडर (चिरडणारे यंत्र), त्याचा डिझेल टँकर आणि चार माणसे तिथवर नेणे परवडत नाही. म्हणून कापणी सगळीकडे जागेवरच, पण चिरडणे मात्र पवनक्षेत्राच्या आकारावर ठरते. लहान क्षेत्रांचे तुकडे जवळच्या एका जमा-आवारात आणायचे आणि तिथे श्रेडर वर्षातून एक-दोनदा फिरवायचे. तुमच्या नकाशावर भारित मध्य काढायचाच असेल तर तो या जमा-आवारांसाठी काढा, तिथे तो शोभतो. दोन किंवा तीन समूह करा आणि प्रत्येकाचा वेगळा मध्य घ्या.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पात्याचा तसाच वापर करणारे, म्हणजे पादचारी पूल, शेड, आवाजरोधक भिंती बनवणारे लोक लांब आणि न दुखावलेले तुकडे मागतात. पोलंडमधल्या श्प्रोतावा इथे आणि आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात असे पूल उभे आहेत. त्यांना चिरडलेला माल दिला तर ते हात जोडतील. दुसरा अपवाद कार्बन कण्याचा. तो सलग काढता आला तर त्याला किंमत आहे, काचेच्या चुऱ्यात मिसळला की मातीमोल होतो. त्यामुळे तुमच्या प्रदेशात कार्बनवाली पाती किती, हे वर्ष आणि मॉडेल पाहून आधीच वेगळे काढा.

आता दुसरा आणि माझ्या मते खरा प्रश्न: माल घेणार कोण? जागा शोधणारे दहापैकी नऊ जण हा प्रश्न शेवटी विचारतात. मी तो पहिला विचारायला शिकलो आणि तेही एकदा तोंडघशी पडल्यावर. आम्ही जागा निवडली, श्रेडर बसवले आणि मग सिमेंट कारखान्याशी बोलायला गेलो. त्यांनी आमचा नमुना हातात घेतला, बोटभर लांब तुकडे पाहिले आणि परत दिला. भट्टीच्या मुख्य बर्नरला माल बारीक लागतो. त्याआधीच्या कॅल्सायनरला, म्हणजे कच्चा माल भट्टीआधी भाजणाऱ्या भागाला, थोडा जाड चालतो, पण आमचा माल दोन्हीकडे बसत नव्हता. दुसरे श्रेडर आणि चाळणी बसवावी लागली. शेजारच्या शेडमध्ये त्यासाठी जागा नव्हती, कारण जागा निवडताना एकाच यंत्राचा हिशेब होता.

सध्या मोठ्या प्रमाणावर चालणारा मार्ग सिमेंट भट्टीचाच आहे. त्याचे कारण साधे आहे. भट्टीत रेझिन आणि लाकूड जळून उष्णता देतात आणि काचेतली सिलिका, ॲल्युमिना व चुना क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट होते त्या भाजलेल्या गोळ्यांत, विरघळून जातात. राख वेगळी काढून कुठे टाकायची हा प्रश्नच उरत नाही. भट्टीत मालाचे तापमान 1,450 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, ज्योत त्याहून बरीच तापलेली असते. पवनचक्क्या बनवणारी जनरल इलेक्ट्रिक आणि कचऱ्यावर प्रक्रिया करणारी व्हेओलिया या कंपन्यांनी डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत असा करार जाहीर केला. तिथे पात्याच्या वजनापैकी 65 टक्क्यांहून अधिक भाग कच्च्या मालाची जागा घेतो आणि 28 टक्के भाग उष्णता देतो, असे त्यांचे आकडे होते. चिरडण्याचे काम मिसुरी राज्यातल्या लुइझियाना नावाच्या गावी. नावावरून लोक ते दुसऱ्याच राज्यात शोधतात.

जर्मनीचे उदाहरण जागेच्या दृष्टीने जास्त शिकवणारे आहे. श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या लेगरडॉर्फ इथे खडूच्या खाणीशेजारी सिमेंट कारखाना आहे. तो 2010 च्या सुमारापासून हा माल घेतो. पण माल तयार होतो तिथे नाही, ब्रेमेन शहरात. पात्यांचे मोठे तुकडे तिकडे येतात, चिरडले जातात, त्यात कागदाच्या पुनर्वापरातून उरणारा ओलसर कचरा मिसळला जातो आणि मग ते मिश्रण भट्टीकडे जाते. ओला कचरा का मिसळायचा? कारण कोरडा काचतंतूचा भुगा उडतो, सरकपट्ट्यांवर नीट चालत नाही, कुठे गुंता होतो तर कुठे सांडतो. ओलाव्याने तो बसतो. म्हणजे ब्रेमेनच्या जागेला पाती जवळ असून भागत नाही. मिसळायचा दुसरा कचराही रोज मिळावा लागतो. असा निकष तुमच्या थरांत आहे का पाहा. माझ्या पहिल्या नकाशात नव्हता.

भट्टी आहे म्हणून वाटेल तेवढा माल खपेल असेही नाही. पात्यांतल्या काचेत बोरॉन असते आणि सिमेंटमध्ये ते वाढले की सिमेंट उशिरा घट्ट होते, सुरुवातीची ताकद घटते. त्यामुळे इंधनाच्या जागी साधारण 10 टक्क्यांपलीकडे हा माल घालायला भट्टीवाले तयार नसतात. गाभ्यात पीव्हीसी फोम असेल तर क्लोरीन आले आणि क्लोरीनवर भट्टीवाल्यांची नजर आधीच असते, कारण ते नळकांड्यांत थर धरते. कार्बन तंतू नीट जळत नाहीत, आणि ते वीजवाहक असल्याने धूर गाळणाऱ्या स्थिर-विद्युत यंत्रणेत शॉर्ट होण्याची भीती. हे तिन्ही मुद्दे रसायनाचे वाटतात, पण जागेचे आहेत. कारण त्यातून ठरते की तुमच्या आवाक्यात एक भट्टी पुरेल की तीन लागतील. एकाच भट्टीवर विसंबून जागा घेतली आणि ती भट्टी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद झाली, की माल आवारात साचतो. माझा नियम असा की 150 किलोमीटरच्या आत किमान दोन वेगवेगळ्या मालकांच्या भट्ट्या असल्याशिवाय सिमेंट मार्गासाठी जागा घ्यायची नाही. 150 हा आकडा अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही.

बाकीचे मार्ग जागेला दुसरीकडे खेचतात. यांत्रिक मार्गात पाते बारीक करून तंतू आणि भुकटी वेगळी करतात आणि ती काँक्रीटमध्ये किंवा दाबून केलेल्या फळ्यांत भरतात. हा माल हलका, किंमत कमी, म्हणून ग्राहक जवळच हवा. काँक्रीट बनवणारे मोठ्या शहरांभोवती असतात. पायरॉलिसिसमध्ये हवेशिवाय तापवून रेझिनचे तेल-वायू करतात आणि तंतू मागे राहतात. पण काचतंतूला 450 ते 600 अंशांची झळ लागली की त्याची ताकद निम्म्याहून खाली जाऊ शकते. कार्बन तंतू मात्र बरेच टिकतात. म्हणजे हा मार्ग कार्बनसाठी योग्य, काचेसाठी ग्राहक मिळणे कठीण. शिवाय तेल-वायूचा कारखाना असल्यामुळे तो रासायनिक औद्योगिक क्षेत्रातच बसवावा लागतो, शेताच्या कडेला परवानगी मिळत नाही आणि मिळूही नये. रेझिन विरघळवणारे रासायनिक मार्गही त्याच वर्गात. पवनचक्क्या बनवणाऱ्या सीमेन्स गमेसाने 2021 मध्ये सौम्य आम्लात सुटणाऱ्या रेझिनचे पाते आणले आणि 2022 मध्ये जर्मनीच्या कास्कासी या समुद्रातल्या पवनक्षेत्रात अशी पाती बसली. व्हेस्टास या दुसऱ्या उत्पादकाने फेब्रुवारी 2023 मध्ये आजच्या इपॉक्सी पात्यांसाठीच रासायनिक प्रक्रिया जाहीर केली. कास्कासीची पाती खाली उतरायला अजून दोन दशके आहेत. त्यांच्यासाठी आज जागा निवडू नका. पण शेजारचा एखादा रिकामा भूखंड राखून ठेवता आला तर ठेवा, आणि तो रासायनिक वापरासाठी मंजूर होऊ शकेल असा बघा.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. नकाशावर आधी घेणारे मांडतो: भट्ट्या, त्यांची इंधन भरण्याची सोय, त्यांना चालणारा आकार, ओलावा, क्लोरीनची मर्यादा. प्रत्येकाकडून लेखी नाही तरी निदान नमुना तपासून झालेला होकार घेतो. मग त्यांच्याभोवती वर्तुळे काढतो. पवनक्षेत्रे त्यानंतर येतात. प्रक्रियेची जागा घेणाऱ्याकडे झुकते आणि आकारमान घटवण्याची जागा पात्यांकडे.

आता तिसरे गणित. हे केल्यावर बऱ्याच लोकांचा उत्साह मावळतो आणि ते बरेच आहे. श्रेडरची एक मध्यम ओळ, म्हणजे एकामागोमाग लावलेल्या यंत्रांची साखळी, तासाला 5 टन काम करते असे धरा. वर्षाला 2,000 तास, म्हणजे 10,000 टन. पात्यांचे वजन मेगावॉटला ढोबळ 10 टन. तुमच्या प्रदेशात 10,000 मेगावॉट असतील तर एकूण 1 लाख टन पाती, आणि ती 20 वर्षांत सारखी उतरली तर वर्षाला 5,000 टन. एवढ्या मोठ्या प्रदेशाची सगळी पाती मिळूनसुद्धा एक ओळ निम्मा वेळ रिकामी. आणि ती सगळी तुम्हालाच मिळतील, दुसरा कोणी उभा राहणार नाही, हे धरून.

शिवाय ती सारखी उतरत नाहीतच. पवनचक्क्या लाटेत उभ्या राहतात, कारण सवलती लाटेत येतात आणि जातात. त्या उतरतातही लाटेतच. उभारणीच्या वर्षात 20 किंवा 25 मिळवून निवृत्तीचे वर्ष काढणे ही मी पाहिलेली सर्वात नेहमीची चूक. अमेरिकेत वीजनिर्मितीवरची करसवलत 10 वर्षांची असायची आणि यंत्राचे बरेचसे भाग नवे बसवले तर ती पुन्हा सुरू व्हायची. परिणामी तिथे धडधाकट पातीसुद्धा दहा-बारा वर्षांत खाली आली. दुसरीकडे जुनी यंत्रे मुदत वाढवून 30 वर्षे फिरवणारेही आहेत. तुमच्या नकाशात प्रत्येक क्षेत्राला एक वर्ष देऊ नका, वर्षांचा पट्टा द्या आणि पट्ट्याच्या दोन्ही टोकांना हिशेब करून पाहा. निवडलेली जागा दोन्ही टोकांना तगत असेल तरच पुढे जा. 2017 साली केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 2050 पर्यंत जगभरात 4 कोटी 30 लाख टन पात्यांचा कचरा होईल असा अंदाज मांडला. तो आकडा प्रत्येक सादरीकरणात असतो. पण जागतिक आकड्याने तुमचे श्रेडर चालत नाही. पुढच्या पाच वर्षांत 200 किलोमीटरच्या आत काय उतरणार आहे, त्याने चालते.

मग रिकामा वेळ भरायचा कसा? पात्यांच्याच जातीचा दुसरा कचरा शोधा. काचतंतूच्या होड्या, टाक्या, पाइप, वाहनांचे सुटे भाग, आणि सगळ्यात चांगला म्हणजे पाती बनवणाऱ्या कारखान्यातली कातरण. ती रोज निघते, कोरडी, स्वच्छ, कशापासून बनली ते माहीत असलेली. पात्यांचा पुरवठा पावसासारखा, तर कातरण विहिरीसारखी. त्यामुळे तुमच्या तीन जागांपैकी एखादी पाती किंवा होड्या बनवणाऱ्या कारखान्याच्या जवळ असेल, तर मी तिला भारित मध्यापेक्षा वर ठेवीन, पवनक्षेत्रांपासून 80 किलोमीटर जास्त लांब असली तरी.

आता साठवणीच्या जागेबद्दल. या विषयात खरे नुकसान इथेच झाले आहे. 45 मीटरचे पाते जमिनीवर ठेवले तर हालचालीची वाट धरून 200 चौरस मीटर खाते. आपल्या उदाहरणातली 240 पाती न कापता पसरली तर 48,000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास 12 एकर. लोकांना वाटते तात्पुरती ठेवू, यंत्र आले की उचलू. टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावात पुनर्वापरासाठी म्हणून आणलेली हजारो पाती वर्षानुवर्षे पडून राहिली. पाणी साचले, डास झाले, साप आले, गावकरी वैतागले आणि प्रकरण कोर्टात गेले. तिथल्या जागेत भौगोलिक दोष काही नव्हता. पवनक्षेत्रांच्या ऐन मध्यावर, रस्ता उत्तम, जमीन स्वस्त. एएचपीत ती जागा नक्कीच पहिली आली असती. येणाऱ्या वाटेइतकी जाणारी वाट रुंद नव्हती, एवढेच.

म्हणून जमा-आवारासाठी माझ्या अटी कडक असतात. अखंड पाते आत घ्यायचे नाही, कापूनच घ्यायचे. किती टन आणि किती महिने, याची कमाल मर्यादा परवान्यातच लिहून घ्यायची. आणि ती पाती तिथून हलवण्याचा पूर्ण खर्च बँक हमीच्या रूपाने आधीच बाजूला ठेवायचा. ही तिसरी अट ऐकली की निम्मे प्रवर्तक निघून जातात, जाऊ द्यावेत.

तुमच्या प्रदेशात लँडफिलला, म्हणजे कचरा जमिनीत पुरायला, परवानगी आहे की नाही, हे तर सगळ्यांच्या आधी तपासा. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात कॅस्पर शहराच्या लँडफिलमध्ये 2019-20 च्या सुमारास 870 च्या आसपास पाती पुरली गेली. ती पाहून जगभर हळहळ झाली, पण तिथल्या हिशेबाने तो सर्वात स्वस्त मार्ग होता. उलट जर्मनीत सेंद्रिय अंश जास्त असलेला कचरा 2005 पासून पुरता येत नाही, म्हणून तिथे ब्रेमेन-लेगरडॉर्फची साखळी उभी राहू शकली. विंडयुरोप या पवनऊर्जा उद्योगाच्याच संघटनेने 2021 मध्ये स्वतःच युरोपभर पाती पुरण्यावर बंदी मागितली. स्वस्त लँडफिल 50 किलोमीटरवर असताना तुमच्या कारखान्याकडे 250 किलोमीटर पाती आणेल असा मालक मला अजून भेटलेला नाही. बंदी नसेल तर निदान पवनक्षेत्राच्या मालकाशी करार हवा. राज्य किंवा देशाची सीमा ओलांडताना कचरा म्हणून वेगळे कागद लागतात, तेही वाहतुकीच्या थरात धरा. नकाशावर जवळ दिसणारी सीमेपलीकडची जागा कागदांमुळे लांब जाते.

जागेवरच्या बारीकसारीक गोष्टींपैकी धुळीबद्दल थोडे जास्त बोलतो, बाकी झटपट. पाते कापताना आणि चिरडताना काचतंतूची बारीक धूळ उडते. कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात आणि सर्वात बारीक भाग श्वासातून आत जातो. उपाय माहीत आहेत: पाण्याचा फवारा, हिऱ्याच्या तारेची करवत, बंद शेड, हवा ओढून गाळणारी यंत्रणा, मुखवटे. पण पवनक्षेत्राची जागा मुळात वाऱ्यासाठी निवडलेली असते. वीज बनवायला उत्तम जागा म्हणजे भुगा उडवायलाही उत्तम. एकदा माथ्यावरच्या सपाटीवर कापणी करताना दुपारी वारा उठला आणि फवारा आमच्याच अंगावर आला, धूळ खालच्या शेतांत. तेव्हापासून कापणीची वेळ सकाळची आणि कापणीची जागा उताराच्या आडोशाला. तुमच्याकडे पवनक्षेत्राचा तासागणिक वाऱ्याचा विदा नक्की असेल. तो विजेसाठी गोळा केलेला असतो, धुळीसाठीही तोच वापरा. कापणीचे पाणी गाळून परत वापरायचे, ओढ्यात सोडायचे नाही, म्हणजे जमिनीला पक्का थर आणि गाळाचा खड्डा हवा.

प्रक्रियेच्या जागेला शेकडो किलोवॉटची जोडणी लागते. काच पोलादाला खाते, त्यामुळे श्रेडरची धार फार लवकर जाते. सुरे बदलणारी कार्यशाळा जवळ नसेल तर यंत्र चालण्यापेक्षा उभेच जास्त राहते. बुंध्याचा भाग जाड असतो आणि त्यात बोल्ट असतात, तो वेगळा कापा, श्रेडरमध्ये टाकू नका. चिरडलेल्या ढिगाला आग लागू शकते, म्हणून ढीग लहान, मधे अंतर आणि पाण्याची टाकी. आणि शेवटचे दोन किलोमीटर स्वतः चालून पाहा. नकाशावर मुख्य रस्त्याला लागून असलेली एक जागा मी केवळ रेल्वेखालच्या बोगद्याजवळच्या वळणामुळे सोडली. तिथे ट्रेलर वळतच नव्हता, आणि कोणत्याही थरात ते दिसत नव्हते.

समुद्रातल्या पवनचक्क्या असतील तर गणित वेगळे. ती पाती जहाजाने एकाच बंदरावर येतात. डेन्मार्कमधले विंडेबी हे जगातले पहिले सागरी पवनक्षेत्र, 1991 ते 2017, तिथे 11 लहान यंत्रे होती. आताच्या सागरी यंत्रांची पाती 100 मीटरपलीकडे गेली आहेत आणि ती रस्त्यावर आणण्याचा विचारच करू नये. धक्क्यालगत कापणी करा. बंदरातली जमीन महाग असते, म्हणून तिथे फक्त कापणी.

राहिली तुमची वजने. एएचपी वाईट नाही, पण त्यात सगळे निकष एकाच तराजूत घालू नका. काही निकष फाटकासारखे असतात: पूररेषा, वस्तीपासूनचे अंतर, वापराची परवानगी, घेणाऱ्याचा होकार, लँडफिलची स्थिती. त्यात नापास झालेली जागा बाहेर, तिचे बाकीचे गुण कितीही असोत. गुणांची बेरीज केली की स्वस्त जमीन ही नदीकाठाची भरपाई करते, आणि ते धोक्याचे आहे. फाटकातून आत आलेल्यांनाच वजने लावा आणि तीही थोडीच: घेणाऱ्यापर्यंतचा खर्च, जमा-आवारापासूनचा खर्च, इतर काचतंतू कचऱ्याची उपलब्धता, विस्ताराला जागा. मग प्रत्येक वजन 20 टक्के वर-खाली करून पाहा. पहिला क्रमांक बदलत असेल तर वजनांवर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्ही जागांवर जाऊन या.

तुमच्या तीन जागांबद्दल आता मत देणे घाईचे ठरेल. प्रत्येक जागेपासून 150 किलोमीटरच्या आतल्या भट्ट्या आणि त्यांना चालणारा आकार, पुढच्या पाच वर्षांत उतरणाऱ्या पात्यांचा कमी-जास्त अंदाज आणि आसपासच्या काचतंतू कारखान्यांची यादी, एवढे तीन कागद पाठवा. त्यातला पहिला कागद कोरा राहिला, तर बाकीचे दोन भरण्याची तसदी घेऊ नका.